आरसा धरणारे हात

आमच्या शाळेत दर वर्षी कुत्री मरतात. आठवीच्या वर्गाला ‘माझ्या आयुष्यातील एक दुःखद प्रसंग’ लिहायला सांगितलं की निम्म्या वर्गाचं कुत्रं ट्रकखाली येतं आणि उरलेल्या निम्म्या वर्गाचा जिवलग मित्र वडिलांची बदली होऊन दुसऱ्या गावी जातो. शेवटी सगळ्यांचे डोळे पाणावतात. सोलापुरात मी इतकी वर्षं मराठी शिकवते आहे, मुलांच्या घरीही बरेचदा गेले आहे, पण पाळलेलं कुत्रं एखाद्याच घरी पाहिलं. जिथं माणसांना पाय पसरायला जागा नाही तिथं कुत्रं कुठून येणार? ही कुत्री नव्या पेठेतल्या दुकानात मिळणाऱ्या निबंधांच्या पुस्तकातली. आईबाप जूनमध्ये वह्यांबरोबर ते पुस्तक घेतात आणि मुलं ते पाठ करतात.

मुलांना मी बोल लावत नाही. पेपर तपासायला बसलेल्या लोकांना मी पाहिलं आहे. ‘ऊर भरून आला’ दिसलं की लाल पेन खूश होऊन बरोबरची खूण करतं. ‘मला काहीच वाटलं नाही’ असं एखाद्या पोरानं लिहिलं की त्याच्याखाली रेघ येते आणि समासात प्रश्नचिन्ह येतं. पोरांना गुण हवे असतात, ती कुत्रं मारतात. सोपा हिशेब आहे.

त्यातच आमचं प्रशिक्षण झालं. विषय होता कथालेखनात भावनांचा वापर. एक तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. त्यानं पडद्यावर पिवळी गोल तोंडं दाखवली, हसणारं, रडणारं, लालबुंद, घाबरलेलं, आणि प्रत्येक शाळेनं ‘भावनांची भिंत’ करावी असं सांगितलं. चहा-बिस्किटं झाली, ग्रुप फोटो झाला. आमच्या मुख्याध्यापिकेला, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाईंना, ही कल्पना फारच आवडली. आठवड्याच्या आत माझ्या वर्गात रंगीत तक्ता लागला. आनंदाखाली ‘आनंद गगनात मावेना’. दुःखाखाली ‘डोळ्यांतून अश्रूंच्या धारा’. रागाखाली ‘तळपायाची आग मस्तकात गेली’, आणि त्याच्या शेजारी कंसात बारीक अक्षरात, ‘पण मी संयम राखला’.

तो कंस मी रोज वाचायची आणि रोज माझी आग मस्तकात जायची. घरी येऊन बडबड केली की नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, तुझ्या नाकावर कायम राग बसलेला, तू पोरांना कसल्या भावना शिकवतेस. त्याचं अगदीच खोटं नव्हतं.

तक्ता काढता येत नव्हता, म्हणून मी वर्गाला त्याच्याकडे पाठ करून बसवलं. फळा एकीकडं आणि मी दुसरीकडं उभी, असा तास सुरू झाला. मी सांगितलं, लिहिताना भावनेचं नाव घ्यायचं नाही. आनंद, दुःख, राग, काही नाही. त्या वेळी तुमचे हात काय करत होते, तेवढं लिहा. मुलं हसली. मग मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. माझे वडील गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली सगळी जुडी निवडली. कोवळी पानं एकीकडं, काड्या एकीकडं. नंतर निघायची घाई झाली आणि ती भाजी तशीच सुकून गेली. मला रडू दुसऱ्या दिवशी आलं. पण वडील गेले म्हटलं की मला आजही हाताला लागलेला मेथीचा वास येतो.

त्यानंतर हळूहळू वह्यांत हात येऊ लागले. एकानं लिहिलं, नापास झाल्याचं घरी सांगताना तो दाराची कडी लावत-काढत उभा होता. बाप यंत्रमागावरून थकून आलेला, त्याला त्या आवाजाचाच जास्त त्रास झाला आणि मार त्यापायी बसला. एकीनं लिहिलं की धाकटा भाऊ दवाखान्यातून घरी आला तेव्हा तिनं त्याची चप्पल धुतली. मला त्या दिवसांत शाळेत जायला आवडत होतं, हे कबूल केलंच पाहिजे.

वर्गात खिडकीपाशी एक मुलगी बसायची. करमाळ्याकडच्या खेड्यातून तिचे आईवडील पोटासाठी सोलापुरात आलेले. वडील एका कापडदुकानात राखणीला, आई नव्या पेठेत हातगाडीवर कानातली, क्लिपा, रबरं विकायची. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली की हातगाडी जत्रेच्या मैदानात जायची आणि शाळा सुटली की मुलगीही तिथंच. वर्गात ती फारसं बोलत नसे. विचारलं तर उत्तर बरोबर द्यायची आणि खाली बसायची.

जत्रा उठल्यावर मी ‘मी पाहिलेली जत्रा’ लिहायला दिलं. पाळणे आले, मौत का कुआं आला, भेळ आली. मी एवढं घसा फोडून सांगूनही अर्ध्या वर्गाचा आनंद गगनात मावला नव्हता. मग तिची वही हातात आली.

तिनं लिहिलं होतं की गिऱ्हाईक कानातलं लावून बघतं तेव्हा आरसा धरायचं काम तिचं असतं. आरसा मोठा आहे, तो धरला की तिचं तोंड झाकतं. तिला फक्त आरशाची मागची बाजू दिसते, त्या बाजूला पुठ्ठा आहे आणि पुठ्ठ्याला चिकटपट्टी. त्या दिवशी एक बाई आल्या, बरोबर त्यांची मैत्रीण. त्यांनी एकेक करून कितीतरी कानातली लावून पाहिली. वर धर, खाली धर, हलवू नकोस, असं त्या आरशाला सांगत होत्या. शेवटी मैत्रिणीला म्हणाल्या, असल्या लोकांकडचं घालू नये बाई, कान पिकतात. आणि गेल्या. तिच्या आईनं एकेक कानातलं पदरानं पुसून पुन्हा पुठ्ठ्यावर लावलं.

शेवटची वाक्यं मला तोंडपाठ आहेत. ‘माझे हात लय दुखत होते तरी मी आरसा खाली ठेवला नाही. ठेवला असता तर त्यांना मी दिसले असते.’

तक्त्यावरची एकही भावना त्यात नव्हती. मला मात्र सगळ्या एकदम झाल्या. अभिमान वाटला, माझ्या शिकवण्याचाही वाटला, आणि त्याच वेळी त्या बाईच्या झिंज्या धराव्यात असं वाटलं. मधल्या सुट्टीत मी मुलीला बोलावलं. तू दिसली असतीस तर काय झालं असतं, असं विचारलं. तिनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मोठ्या बाई हुत्या त्या,” ती म्हणाली. “आवाजावनं वळकलं मी.”

आईला माहीत आहे का, मी विचारलं. आईला माहीत नव्हतं. शाळेच्या सभांना वडील यायचे, आईनं मोठ्या बाईंना कधी पाहिलंच नव्हतं. आईला वाटत होतं, असतं एखादं गिऱ्हाईक तसं. आणि आई रोज रात्री म्हणायची की शाळेतल्या बाया देवमाणसं आहेत, त्यांच्या पायाशी राहा, तुला गाडीवर उभं राहायची पाळी येणार नाही.

“तुमी कुनालाच सांगू नका, बाई. आईला कळलं तर ती परत शाळेपुढनं मान वर करून जायची न्हाई.”

मी शब्द दिला. माझी जीभ सहसा दाबली जात नाही, शाळेत ती प्रसिद्ध आहे, पण त्या पोरीला दिलेला शब्द मी पाळायचं ठरवलं.

आमच्याकडं महिन्याच्या शेवटी वह्या मोठ्या बाईंकडं सहीला जातात. बहुतेक शाळांत मुख्याध्यापक न वाचता सह्या करतात. आमच्या मोठ्या बाई वाचतात, त्यांना साहित्याची आवड आहे. तिची वही मी मागं ठेवू पाहिली, पण शिपाईमावशी हजेरीपटाशी ताडून वह्या नेतात, त्यांनी ती बरोबर मागून नेली. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. मी पदर खोचूनच गेले. काय काय ऐकवायचं ते जिना चढताना मनात जुळवून ठेवलं होतं.

मोठ्या बाईंच्या हातात ती वही होती आणि डोळ्यांत पाणी होतं.

“किती सुंदर लिहिलंय हो,” त्या म्हणाल्या. “आणि ती बाई किती निर्दय असेल, नाही?”

मला आधी वाटलं, नाटक करताहेत. नव्हत्या करत. त्यांना आठवतच नव्हतं. जत्रेत फिरताना एका गाडीपाशी थांबल्या, चार गोष्टी कानाला लावल्या, जाता जाता मैत्रिणीला काहीतरी म्हणाल्या, आणि पुढं भेळ खाल्ली असेल. त्यात लक्षात ठेवण्यासारखं होतं तरी काय? त्यांना आठवलं असतं आणि त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं.

हा निबंध स्नेहसंमेलनात वाचायचा, त्याला पहिलं बक्षीस द्यायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. फक्त शेवट फार कडू आहे, त्या म्हणाल्या. पालक बसलेले असतात, संस्थेचे लोक असतात. मुलांनी लिहिताना भावना आणाव्यात, पण माणसाला उभारी देणाऱ्या. त्यांनी शेवटच्या दोन ओळींवर लाल रेघ मारली होती आणि खाली आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘इतक्यात त्या मावशींचे लक्ष माझ्याकडे गेले. त्यांनी प्रेमाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझे डोळे पाणावले.’ कान पिकतात हे वाक्यही गेलं होतं.

मी म्हटलं, तसं घडलेलं नाही. तुम्हाला काय माहीत, त्यांनी विचारलं. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ती निर्दय बाई माझ्यापुढं खुर्चीत बसली आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, मुलीनं लिहिलंय त्यावरून माहीत. त्या समजुतीनं हसल्या आणि म्हणाल्या की अहो, शेवटी गोष्टच आहे ती, आणि कडवटपणा मुलांना शिकवावा लागत नाही, तो आपोआप येतो. हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, फक्त तो कुठून येतो हे त्यांना माहीत नव्हतं.

मुलीला मी म्हटलं, तू नको म्हण, पुढचं मी बघते. ताप आला म्हणून सांगू, काहीही सांगू. पण मोठ्या बाईंनी सकाळच्या प्रार्थनेलाच जाहीर करून टाकलं होतं आणि बक्षिसाची चिठ्ठी घरी गेली होती. आईनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, त्या दिवशी गाडी लावणार नव्हती, शेजारणीची काठापदराची साडी मागून ठेवली होती. मुलीला दोनच गोष्टींची काळजी होती. निबंधाची तिला फिकीर नव्हती. आई मोठ्या बाईंना बघेल, आणि बघितलं की ओळखेल.

“आई एकदा बगितलेलं गिऱ्हाईक इसरत न्हाई,” ती म्हणाली. “तिचं कामच हाय ते.”

मग तालमी सुरू झाल्या. नाचगाणी बसवणाऱ्या आमच्या सहकारी बाईंकडं तिला सोपवलं. त्यांनी माझं ‘हात काय करत होते’ कुठंतरी ऐकलं होतं, ते त्यांना फार पटलं. त्यांनी मुलीला हातच शिकवले. जत्रा म्हणताना दोन्ही हात पसरायचे. आरसा म्हणताना तळवे चेहऱ्यासमोर आणायचे. डोळे पाणावले म्हणताना उजवा हात छातीवर आणि मग बोटाच्या टोकानं डोळ्याची कड टिपायची. मी दारात उभी राहून बघत होते. पोरगी हुशार, दोन-तीन वेळांत तिला सगळं येऊ लागलं. तिचा आवाज कुठं चढवायचा, कुठं कापरा करायचा, तेही तिला येऊ लागलं. मला तो सगळा वर्ग उधळून लावावासा वाटत होता. मी स्टाफरूममध्ये जाऊन वह्या तपासत बसले.

संमेलनाला मांडव होता, खुर्च्या होत्या, संस्थेचे लोक पुढं सोफ्यावर. मुलीची आई बायकांच्या रांगेत मागं बसली होती. मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसले. बारीक चणीची, हाताला रबरांच्या पुठ्ठ्यांचे वळ पडलेली बाई. बाई तुमी मधी बसा, वारं लागंल, म्हणून मला पंख्याखालची खुर्ची देऊ लागली. मोठ्या बाई भाषणाला उभ्या राहिल्या. त्यांनी पहिलंच वाक्य उच्चारलं आणि माझ्या शेजारचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. मी वळून बघितलं नाही.

मुलगी आली. माइक तिच्यापेक्षा उंच होता, तो कोणीतरी खाली केला. तिनं हात पसरले, जत्रा झाली. तळवे चेहऱ्यासमोर आले आणि शेवटच्या परिच्छेदापर्यंत तिथंच राहिले. शिकवलेलं तसं नव्हतं, ते मधे खाली यायला हवे होते. नाचगाणीवाल्या बाई विंगेतून खुणा करत होत्या. मग ती ‘इतक्यात त्या मावशींचे लक्ष माझ्याकडे गेले’ म्हणाली, हात खाली आले, ‘डोक्यावरून हात फिरवला’, आणि बोटाच्या टोकानं डोळ्याची कड टिपली. आवाज अगदी ठरल्या जागी कापरा झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या सोफ्यावरच्या एका गृहस्थांनी रुमाल काढला.

बक्षीस द्यायला मोठ्या बाईच होत्या. त्या खरोखर हेलावल्या होत्या. त्यांनी बक्षिसाचा डबा तिच्या हातात दिला, तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फोटोवाल्याला नीट मिळालं नाही, म्हणून त्यानं पुन्हा एकदा सांगितलं. मोठ्या बाईंनी पुन्हा फिरवला. मुलगी डबा दोन्ही हातांनी तोंडासमोर धरून उभी होती.

टाळ्या थांबल्यावर माझ्या शेजारून अगदी हळू आवाज आला.

“तवा हात फिरवला न्हवता की ह्या बाईंनी.”

मी मान हलवली. तिनं पदर खांद्यावरून पुढं घेतला, शेजारणीची साडी चुरगळणार नाही अशा बेतानं, आणि म्हणाली, “पोरीला सांगू नका मी वळकलं म्हनून. तिला वाटतंय मला ठावं न्हाई. तिच्या मनात शाळंचं बरं ऱ्हाऊ द्या.”

मी तिलाही शब्द दिला. मग ती उठली आणि मोठ्या बाईंना नमस्कार करायला गेली. मी लांबून बघितलं. वाकून केलेला नमस्कार होता, पायाला हात लावून. मोठ्या बाई तिला काहीतरी कौतुकाचं सांगत होत्या आणि ती मान हलवत होती. मुलगी आईच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होती. आई हसत होती. गाडीवर उभं राहून गिऱ्हाइकापुढं हसायची तिला सवय असणार. बघता बघता मुलीच्या खांद्यांवरचा भार उतरलेला मला दिसला. तिला वाटलं, आईनं ओळखलं नाही.

दोघींना दिलेले दोन शब्द माझ्यापाशी आहेत. आई मुलीपासून लपवते, मुलगी आईपासून, आणि दोघीही त्या बाईंचंच झाकतात. ज्यांचं झाकलं त्या मजेत आहेत. त्यांनी तो निबंध शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली पिवळी रडकी तोंडं आली, हात जोडलेले आले. प्रशिक्षणवाल्या मुलानं तो आणखी कुठं कुठं पाठवला. भावनांचा प्रभावी वापर, असं त्यावर लिहिलेलं होतं. भावनांच्या भिंतीशेजारी डोक्यावर हात फिरवतानाचा फोटो मोठा करून लावला आहे. आता मी वर्गाला तिकडं पाठ करून बसवलं तरी माझं तोंड तिकडंच असतं.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. ‘माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग’ असा विषय मीच काढला होता. तिची उत्तरपत्रिका मी मुद्दाम शेवटी ठेवली. चहा घेतला, खिडकी उघडली, मग वाचायला घेतली. तिचं कुत्रं ट्रकखाली आलं होतं. ते रोज शेपूट हलवत तिची वाट बघायचं, त्या दिवशी आलं नाही. अश्रूंच्या धारा लागल्या. आजही तो प्रसंग आठवला की तिचे डोळे पाणावतात. परिच्छेद नेटके, एकही शब्द चुकला नव्हता. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा शोधलं, हात कुठंच नव्हते. तिच्या घरी कुत्रं कधीच नव्हतं.

मी त्या निबंधाला पैकीच्या पैकी गुण दिले. नियमाप्रमाणे कुठं कापायला जागा नव्हती.

निकालाच्या दिवशी ती गुणपत्रिका घेऊन माझ्यापाशी आली. मराठीत वर्गात पहिली होती. नववीचा वर्ग कुठला, वर्गशिक्षिका कोण, असं काहीतरी विचारत राहिली. मग जायला निघाली आणि दारातून परत फिरली.

“ह्या टायमाला मी बरूबर लिवलं हुतं की, बाई?”

तिच्या मागं भिंतीवर तो फोटो होता. मी म्हटलं, हो, अगदी बरोबर.